वेस्टसेल ३२ : इयन चक्रीवादळ झेललेल्या आमच्या जुन्या बोटीचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच सांगून टाकतो, पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार कापलाय तो डेकच्या आत सडणाऱ्या प्लायवुडसाठी आणि रिव्हर्समध्ये ती अजिबात ऐकत नाही त्यासाठी, त्यावर पुढे येतोच. पण जी बोट २८ सप्टेंबर २०२२ ला इयनसारख्या कॅटेगरी ४ च्या (पाचपैकी चौथ्या पायरीच्या) वादळात सापडली आणि दोन दिवसांनी आम्ही पोचलो तेव्हा आपल्या जागेवर, पाण्यात, सरळ उभी होती, तिला यापेक्षा कमी द्यायला माझा हात धजत नाही.

बोट म्हणजे वेस्टसेल ३२, आमची १९७६ ची आहे. नाव जुई. २०१८ मध्ये २६ हजार डॉलरला घेतली, तेव्हा मित्रांनी खूप समजावलं की एवढ्या पैशात थोडी नवीन, हलकी, पळणारी बोट मिळेल, ही बेचाळीस वर्षांची म्हातारी कशाला घेतोस. आम्ही राहतो फ्लोरिडात, टॅम्पाच्या बाजूला, बोट असते पुंटा गोर्डाला, साधारण शंभर मैल दक्षिणेला, शार्लट हार्बरच्या कडेला. तिथे घरांच्या मागून कॅनॉल गेलेत आणि त्या कॅनॉलमधून पुलाचा अडथळा न येता शिडाची बोट थेट खाडीत काढता येते. मिशिगनच्या एका ओळखीच्या जोडप्याचं हिवाळ्यातलं घर आहे तिकडे, त्यांच्या डॉकला आम्ही बोट लावतो.

ज्यांना ही बोट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कॅलिफोर्नियात कोस्टा मेसाला १९७१ ते १९८० या काळात या आठशेच्या वर बनल्या, काही पूर्ण तयार विकल्या, काही नुसतं हल (बोटीचं खालचं कवच) आणि डेक घेऊन लोकांनी आपापल्या अंगणात पुऱ्या केल्या. डिझाइनवर नाव विल्यम क्रीलॉक यांचं, पण मूळ घराणं फार जुनं आहे. नॉर्वेत कॉलिन आर्चर नावाचे बोट बांधणारे होते, त्यांनी १८९० च्या दशकात वादळात मच्छीमारांना वाचवायला जायच्या बोटी काढल्या, त्यावरून अमेरिकेत विल्यम ॲटकिन यांनी १९२० च्या दशकात एरिक नावाचं ३२ फुटी डिझाइन केलं, आणि त्याच एरिकचा फायबरग्लासमधला अवतार म्हणजे ही वेस्टसेल. दोन्ही टोकं निमुळती, आपल्याकडच्या होडीसारखी, मागून येणारी लाट सपाट ढुंगणावर आदळत नाही, दुभंगून दोन्हीकडून निघून जाते. वजन नऊ टनाच्या आसपास, त्यातलं तीन टनाच्या वर फक्त खालचं बॅलास्ट, म्हणजे बोट उलटू नये म्हणून तळाला घातलेलं वजन. बत्तीस फुटाच्या आजच्या बऱ्याच बोटी याच्या निम्म्या वजनाच्या असतात.

आणि ही गोष्ट मला बोट घ्यायच्या आधी माहीत नव्हती, कळली तेव्हा अंगावर काटा आला. याच एरिक डिझाइनवरून आपल्या मुंबईत, कुलाब्याला, एक बोट बांधली गेली, सुहेली. सागवानाची, आपल्या सुतारांनी हाताने बांधलेली, १९६४ च्या डिसेंबरात पाण्यात उतरवली. ती घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ ला फाल्मथहून निघाले आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला परत तिथेच आले, एकट्याने कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले. म्हणजे माझी फ्लोरिडातली बोट आणि कुलाब्याची सुहेली या चुलत बहिणी. पुढे त्याच सुहेलीची प्रतिकृती गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस शिपयार्डने अभिलाष टॉमींसाठी बांधली, थुरिया. ती २०१८ च्या सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात वादळात सापडली, उलटली, डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली, पण हल फुटला नाही, ते तीन दिवस त्याच बोटीत आत पडून होते आणि मदत येईपर्यंत ती तरंगत राहिली. या घराण्याच्या बोटींचं हेच आहे, वरचं जाईल, माणूस जायबंदी होईल, पण बूड तग धरतं.

वेस्टसेलचं स्वतःचंही उदाहरण आहे. १९९१ च्या ऑक्टोबर अखेरीस अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळ जे प्रचंड वादळ झालं त्यात सटोरी नावाची वेस्टसेल ३२ सापडली होती. कोस्ट गार्डने माणसं हेलिकॉप्टरने काढून घेतली, बोट तशीच सोडून दिली, आणि नंतर ती मेरीलँडच्या बाजूला असाटीग बेटाच्या वाळूत सापडली, बऱ्यापैकी धड. ओढून पाण्यात घातली आणि पुढे पुन्हा वापरातही आली. घेताना आम्हाला ब्रोकरने ही गोष्ट ऐकवली होती तेव्हा मला वाटलं विकायची कथा आहे. खरी आहे.

आता इयनकडे येतो. तुमच्यापैकी ज्यांनी निसर्ग बघितलंय, ३ जून २०२० चं, त्यांना कल्पना येईल. माझं आजोळ श्रीवर्धन, मामाची होडी जीवना बंदरात. निसर्गचा वारा साधारण ताशी ११०-१२० किलोमीटरचा होता आणि त्याने सुपारीच्या बागा कशा झोपवल्या, पत्रे कसे उडाले ते आपण सगळ्यांनी बघितलं. इयन किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा होता ताशी १५० मैल, म्हणजे २४० किलोमीटर. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो, हे शाळेतलं गणित बोटवाल्याने रात्री झोपेतही विसरू नये.

त्या आठवड्यात सगळ्यात वाईट काय असेल तर अंदाज. शनिवारी-रविवारी सगळे सांगत होते टॅम्पा, टॅम्पा. म्हणजे घराला धोका आणि बोट बाजूला. कितीतरी लोकांनी टॅम्पा बेमधून आपल्या बोटी दक्षिणेकडे हलवल्या, बिचारे. मग सोमवार-मंगळवार जसा येत गेला तसा ट्रॅक उजवीकडे सरकत गेला, सॅरसोटा, व्हेनिस, आणि शेवटी कायो कोस्टा बेट. २००४ च्या ऑगस्टमध्ये चार्ली वादळ पण बरोबर तिथेच आलं होतं. कायो कोस्टा म्हणजे शार्लट हार्बरचं तोंडच, आणि आमची बोट त्या हार्बरच्या आतल्या टोकाला.

मी मात्र सोमवारीच सकाळी गेलो होतो, कारण मामाने फोनवर एकच विचारलं, "तुझं घर सिमेंटचं आहे ना? मग ते राहील. होडी कोण बघतंय?" बायको म्हणाली तू जा, खिडक्यांना प्लायवुड मी आणि शेजारी मिळून लावतो. मुलगी बारा वर्षांची, ती हट्टाने माझ्याबरोबर आली आणि खरं सांगतो, तिच्याशिवाय ते काम झालं नसतं.

आमचा मूळ प्लॅन होता बोट पाण्याबाहेर काढायचा. कोकणात बघा, पावसाळा आला की होड्या वर ओढतात, झापांनी शाकारून ठेवतात, नारळी पौर्णिमेपर्यंत कोणी हात लावत नाही. तेच शहाणपण. त्यासाठी आम्ही बोटी उचलून ठेवणाऱ्या एका यार्डाला दरवर्षी आगाऊ पैसे भरत होतो की वादळ आलं तर आमची बोट उचलणार, लेखी होतं तसं. शुक्रवारपासून फोन करतोय, उचलत नाहीत, सोमवारी प्रत्यक्ष गेलो तर गेट बंद आणि आत जागा फुल. तीन वर्षांचे पैसे भरले होते आम्ही. मला आजही राग येतो, कारण वादळाच्या आधीचे दोन दिवस हेच खरे दिवस असतात आणि त्यातला अर्धा दिवस त्यांच्या गेटवर गेला. नंतर कळलं की त्याच यार्डात स्टँडवर उभ्या केलेल्या बोटी जमिनीला पट्ट्यांनी बांधलेल्या नव्हत्या, एक पडली ती शेजारच्या चार घेऊन पडली. म्हणजे आम्हाला जागा मिळाली असती तर आज हा रिव्ह्यू वेगळा असता. पैसे भरायच्या आधी यार्डात जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा की जमिनीत काँक्रीटमध्ये कडे आहेत का.

मग कॅनॉलमध्येच बांधायची ठरवली. उरलेला एक दिवस आम्ही नुसतं काढत होतो. मेन सेल काढलं, स्टेसेल काढलं, सगळ्यात पुढचं गुंडाळलेलं शीड, जिब, पूर्ण खाली उतरवून पिशवीत घालून घरात नेलं. हे मी मुद्दाम जोर देऊन सांगतोय, गुंडाळलेलं आहे, दोर बांधलाय, राहील, असं म्हणून लोक जिब तसंच ठेवतात, आणि बोटी जातात त्या यामुळे जातात. एक टोक सुटलं की ते शीड उलगडतं, फाटेपर्यंत पूर्ण बोट खेचत राहतं. बूम (मोठ्या शिडाखालची आडवी काठी) खाली घेऊन डेकवर आडवी बांधली. सोलर पॅनल, कॅनव्हासचं छप्पर, मागचं विंडव्हेन (वाऱ्यावर आपोआप सुकाणू धरणारं यंत्र), लाइफ रिंग, हवेचे पंखे, सगळं काढलं. वेंटची तोंडं झाकणांनी बंद केली, सीकॉक (हलमधल्या भोकांचे व्हॉल्व्ह) बंद, एक्झॉस्टला लाकडी बूच. कॉकपिटचे ड्रेन मात्र उघडे ठेवायचे, पावसाचं पाणी तिथूनच जाणार.

दोर अकरा लावले. पाऊण इंची नायलॉन, कारण नायलॉन ताणतो, झटका खातो. चार आपल्या डॉकच्या खांबांना, बाकी सगळे कॅनॉलच्या पलीकडे शेजाऱ्यांच्या खांबांना आडवे, त्यांची परवानगी घेऊन, म्हणजे बोट कोळ्याच्या जाळ्यात कोळी बसतो तशी मध्ये, दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून लांब. डॉकला चिकटवून बांधायची नाही, पाणी चढलं की डॉकच बोटीला खातो. दोर लांब आणि सैल, कारण पाणी किती खाली जाईल किती वर येईल काही सांगता येत नाही. जिथे जिथे दोर बोटीच्या कडेवरून जातो तिथे फायर ब्रिगेडच्या जुन्या पाइपचे तुकडे चढवले, मुलगी बसून कापत होती, मी चढवत होतो. मामाचं वाक्य डोक्यात होतं, "दोर किती जाड ते नको बघू, कुठे घासतोय ते बघ." रबरी पाइप वापरू नका असं माझं मत आहे. दोर ताणला-सैल झाला की आतून तापतो आणि रबरात तो ओला राहत नाही, थंड होत नाही, आतल्या आत वितळून तुटतो. कापडी पाइपमधून पाणी झिरपतं.

इथे बोटीचा पहिला गुण. या सगळ्या दोरांना बांधायला जागा लागते, आणि वेस्टसेलवर ती आहे. पुढे बोस्प्रिटच्या, म्हणजे बोटीच्या नाकासमोर निघालेल्या दांड्याच्या, मागे दोर बांधायचे खांब असे जाड आहेत की त्यावर ट्रक ओढता येईल. मागे, मध्ये, सगळीकडे मोठे क्लीट (दोर अडकवायचे धातूचे कान), खालून प्लेट लावून बोल्ट केलेले. आजकालच्या कित्येक बोटींवर हाताच्या बोटांएवढे क्लीट असतात, एकावर एक दोर बसत नाहीत, आणि वादळात क्लीटच उपटून जातात. बोट बघायला जाल तेव्हा सोफ्याचा रंग नंतर बघा, आधी क्लीटच्या खाली हात घालून बघा.

काउंटीने त्या भागाला बाहेर पडायला सांगितलं होतं, मंगळवारी दुपारी आम्ही निघालो. बोटीवर थांबायचा विचारही करू नका, बोट कितीही भक्कम असू दे. आईचा पुण्याहून फोन, "अरे बोट गेली तर गेली, पोरीला घेऊन घरी जा." गेलो.

बुधवारी दुपारी ३ वाजून ५ मिनिटांनी ते कायो कोस्टावर आलं, मग दीड तासाने पुंटा गोर्डाच्या जरा दक्षिणेला मुख्य भूमीवर. चार्ली छोटं होतं आणि झपाट्याने निघून गेलं, इयन मोठं होतं आणि सायकलच्या वेगाने चाललं होतं, त्यामुळे तोच वारा तास न् तास. आणि या खाडीत एक विचित्र गोष्ट झाली जी आम्ही ऐकून होतो पण कधी बघितली नव्हती. वादळ येताना आधीचा वारा जमिनीकडून समुद्राकडे होता, त्याने खाडीतलं पाणीच बाहेर ढकललं. कॅनॉल रिकामे झाले. गल्लीत एक रिटायर्ड आजोबा थांबले होते, त्यांनी नेटवर्क जायच्या आधी एक फोटो पाठवला, जुई चिखलात बसलेली, आजूबाजूला नुसता गाळ, आणि ती किंचित एका बाजूला कललेली, डबक्यात म्हैस बसते तशी निवांत. तो फोटो आला आणि मग दोन दिवस काही नाही.

हा फोटो मी नंतर शंभर वेळा बघितलाय. कारण वेस्टसेल वाचली त्यातलं अर्धं कारण या फोटोत आहे. तिची कील, म्हणजे तळाचा कणा, लांब आहे, पुढून मागपर्यंत सलग, हलचाच भाग, पाण्यात साधारण पाच फूट. ती गाळात रुतून बसली, आणि वाऱ्याचा पहिला सगळा तडाखा तिने बसून घेतला. शेजारी दोन घरं सोडून एक नवी चाळीस फुटी बोट होती, तिची कील अरुंद, माशाच्या परासारखी, खाली बोल्टने लावलेली, वर जिब गुंडाळून तसंच ठेवलेलं. ती त्या एका पायावर आडवी झाली, मग वादळाचा डोळा गेल्यावर वारा उलटा फिरला, पाणी जोराने परत आत आलं, तोपर्यंत तिचं शीड सुटलं होतं. आम्ही बघितली तेव्हा ती सीवॉलवर, कॅनॉलच्या काठच्या भिंतीवर, चढलेली होती, बाजूला हात जाईल एवढं भोक, डोलकाठी शेजाऱ्याच्या स्विमिंग पूलच्या जाळीत. त्या माणसाबद्दल मला वाईट वाटतं, तो वेळेवर येऊ शकला नव्हता, आणि वेळेवर न येऊ शकणं हे कोणाचंही होऊ शकतं.

सीवॉलचंही सांगतो कारण बोट बांधणाऱ्यांना याचा थेट संबंध आहे. कॅनॉल रिकामा झाला की भिंतीमागच्या मातीत मुरलेलं पाणी तिथेच राहतं, समोरून टेकायला पाणी नसतं, मग माती भिंतीला कॅनॉलमध्ये ढकलते. पुंटा गोर्डात इर्मा वादळामध्ये २०१७ ला हे झालं होतं, इयनमध्ये परत झालं. आमच्या पलीकडची तीसेक फूट भिंत पडली आणि तिच्यावरच्या एका खांबाला आमचे दोन दोर होते. अकरा का लावले ते तेव्हा कळलं.

शुक्रवारी ३० तारखेला पहाटे निघून आम्ही तिघं गेलो. सिग्नल बंद, रस्त्यावर पत्रे, झाडं, पेट्रोलच्या रांगा, माणसं घरातल्या ओल्या गाद्या बाहेर आणून टाकतायत. दक्षिणेला फोर्ट मायर्स बीच, सॅनिबेल, तिकडची अवस्था तर बघवत नव्हती, माणसं गेली तिथे, सॅनिबेलचा रस्ताच समुद्राने तोडला. तेव्हा बोटीचं काय घेऊन बसलोय असं वाटत होतं, पण तरी पाय ओढत होते. घराच्या बाजूने मागे गेलो तर डॉक नव्हता. नुसते खांब. आणि खांबांच्या पलीकडे जुईची डोलकाठी सरळ. मुलगी पळत सुटली, बायको तिथेच गवतावर बसली आणि रडली, मी पण रडलो, त्यात काय लपवायचं.

नुकसान काय झालं ते नीट सांगतो, कारण फुटली नाही म्हणजे काही झालं नाही असं नाही. अकरातले चार दोर गेले, दोन पडलेल्या भिंतीबरोबर, दोन घासून. घासून गेले त्या दोन्हीवरचा पाइप सरकला होता, मी तो शिवला नव्हता, नुसता बांधला होता. उजव्या कडेचं सागवानी काठाचं लाकूड साडेतीन फूट भुगा झालं, कारण कधीतरी ती खांबावर जाऊन आपटत राहिली असणार. त्याच्या खालच्या फायबरग्लासवर खरवडलंय, बोटाचं नख जाईल एवढं, आणि बस. हा हल हाताने थरावर थर देऊन भरीव बांधलेला आहे, मध्ये फोम नाही की लाकूड नाही. सर्व्हेअरने लाकडी हातोडीने पूर्ण ठोकून बघितला, कुठेही पोकळ आवाज नाही. बोस्प्रिटच्या टोकाला उभी चीर. पुढचा रेलिंगचा पाइप वाकला. सुकाणूचं सगळ्यात खालचं बिजागर वाकलं, गाळात बसली तेव्हाचं. सुकाणू बाहेर मागच्या टोकाला टांगलेलं असल्यामुळे ते आम्ही तिथल्या तिथे बघू शकलो, आणि पार्ट काढणं पण सोपं. आत बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या खोलगटात, चार बोटं पाणी, बॅटरी संपलेली. इंजिन जुनं पर्किन्स ४-१०८, डिझेलच्या लाइनमधली हवा काढल्यावर दुसऱ्या स्टार्टला सुरू झालं. सगळी दुरुस्ती ६४०० डॉलर, अर्धी आम्ही हाताने केली. इन्शुरन्सकडून काही नाही, नाव दिलेल्या वादळाचं डिडक्टिबल, म्हणजे आपण स्वतः सोसायची रक्कम, त्यापेक्षा जास्त होतं, हे पॉलिसीत लिहिलेलं होतं पण आम्ही वाचलं होतं का, नाही.

आता अर्ध्या स्टारचं. डेकचा गाभा प्लायवुडचा आहे, वरून खालून फायबरग्लास. जिथे जिथे स्क्रू आहे तिथून वर्षानुवर्षं पाणी आत जातं आणि आतलं लाकूड ओल्या बिस्किटासारखं होतं. वादळात आमच्या डेकने तीन नवीन ठिकाणी गळायला सुरुवात केली आणि उघडल्यावर कळलं की सड जुनीच होती, वादळाने फक्त दाखवली. घेताना कलिंगड ठोकून बघतो तसं पूर्ण डेक हातोडीच्या दांड्याने ठोकत फिरा, टणटण हवं, भदभद आलं की किंमत पाडा किंवा सोडा. बोस्प्रिट लाकडी असेल तर मुळाशी, जिथे तो डेकला टेकतो तिथे, सुरी टोचून बघा. शिडाच्या तारा जिथे हलला बाहेरून बोल्ट केल्यात त्या पट्ट्यांचा एक तरी बोल्ट काढून बघायचा आग्रह धरा, चाळीस-पन्नास वर्षांचं स्टील आहे ते.

आणि चालवायला कशी आहे ते पण प्रामाणिकपणे सांगतो. हळू आहे. लोक तिला वेटस्नेल म्हणतात, ओली गोगलगाय, आणि दहा नॉटच्या (ताशी साधारण १८ किलोमीटरच्या) खाली वारा असेल तर ते नाव बरोबर आहे. उन्हाळ्यात इथल्या खाडीत वारा पडलेलाच असतो, तेव्हा इंजिनच लावावं लागतं. वाऱ्याच्या तोंडावर फार जवळून जात नाही. रिव्हर्समध्ये सुकाणू काही करू शकत नाही, ती तिच्या मनाप्रमाणे वळते, त्यामुळे गर्दीच्या मरिनात पार्क करायची असेल तर दुसऱ्या कोणाकडून शिकून घ्या, पहिली दोन वर्षं आमच्या पोटात गोळा यायचा. पण वारा वीसच्या वर गेला, लाटा उठल्या, बाकीचे शिडं कमी करून परत फिरायला लागले की ही खूश होते. डोलते ती सावकाश, झटका नाही. स्टोव्हवर कुकर लावून मी हिच्यात खिचडी केलीय, बाहेर पंचवीस नॉट चालू असताना, शिट्टी झाली, कोणाला उलटी नाही. आत उभं राहता येतं, सामान मावतं, बत्तीस फुटात एवढी जागा मी दुसरीकडे बघितली नाही.

कोणी घ्यावी? ज्याला शनिवार-रविवार रेस करायचीय त्याने नको. ज्याला हाताने काम करायला आवडतं, लाकडाला तेल लावायला कंटाळा नाही, आणि लांब जायचंय, त्याने नक्की. पण फक्त भक्कम बोट आहे म्हणून ती वादळात राहील असं समजून घेऊ नका. मी शेजारच्या कॅनॉलमध्ये आमच्याहून वजनदार एक बोट बुडालेली बघितली, चारच दोर होते, चारही नवे कोरे, पाइप एकावरही नाही. हलने आमच्या चुका सहन केल्या हे खरं, सरकलेला पाइप, पडलेली भिंत, खांबावरची आपटाआपट, हे सगळं तिने झेललं आणि हलकी बोट असती तर यातल्या एकाच चुकीने गेली असती. पण वर शीड ठेवलं असतं तर हिलाही कोणी वाचवू शकलं नसतं.

२०२४ ला हेलीन आणि मिल्टन ही वादळं दोन आठवड्यांच्या अंतराने आली तेव्हा मात्र आम्ही वाट बघितली नाही. मोसम सुरू झाल्यावरच तिला फोर्ट मायर्सच्या नदीतून आत, ओकीचोबी तळ्याच्या बाजूच्या एका यार्डात नेऊन ठेवली होती, डोलकाठी उतरवलेली, चारी बाजूंनी पट्टे जमिनीतल्या कड्यांना. मामाला फोटो पाठवला तर म्हणाला, "वर झापं नाही घातलीस?" दोन्ही वादळांत ओरखडासुद्धा नाही. मे अखेर ते नोव्हेंबर तिथे, बाकीचे महिने पाण्यात, असं आता ठरलंय. बोस्प्रिट नवीन केलाय, काठाचं सागवान मुलीने स्वतः घासून बसवलंय, पाइपचे तुकडे या वेळी शिवलेत. डिसेंबरात ड्राय टोर्टुगास बेटांना जायचंय.